खोताचं रक्त आणि आमचा सातबारा

गणपतीला गावी जाताना बॅगेत 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड टाकले तेव्हा नवरा म्हणाला, गाडीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही आणि तू चिरे घेऊन चालल्येस काय. चिरेच आहेत म्हणा. कॉलेजात असताना लायब्ररीतनं आणून झपाटल्यासारखी वाचली होती, जेवताना ताटाच्या कडेला टेकवून, आईच्या शिव्या खात. आता वीसेक वर्षांनी परत काढली. फरक एवढाच की या वेळी मी ती आमच्या घराच्या पडवीत बसून वाचत होते, बाहेर पाऊस, लाईट गेलेली, आणि आत माजघरात बाबा, दोन काका आणि आत्या सातबाऱ्यावरनं एकमेकांच्या अंगावर जात होते. मध्येच कोणीतरी "या घरचं पाणी पिणार नाही" म्हणालं आणि मला क्षणभर कळेना, हे मी आत्ता वाचलं की ऐकलं.

तर या कादंबरीबद्दल माझं मत काय, असं कोणी विचारलं तर मला एका वाक्यात सांगता येत नाही. आवडते. आणि राग येतो. दोन्ही एकाच पानावर होतं कधीकधी.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं. श्री. ना. पेंडसे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये, आणि लिहिलं मात्र सगळं इकडचं. 'तुंबाडचे खोत' १९८७ ला आली, दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठावरचं एक खोत घराणं (खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि त्याच्या चार पिढ्या. (हल्लीच्या पोरांना तुंबाड म्हटलं की २०१८ चा पिक्चर आठवतो, माझा भाचा म्हणाला मावशी तो हस्तरवाला का, तर नाही बाबा, ती गोष्ट वेगळी, हे गाव खरोखरचं खेड तालुक्यात आहे आणि जगबुडी दर पावसाळ्यात खेडच्या बाजारात शिरते ती पण खरीच.) या घराण्यात धड असं काही नाही. भाऊ भावाला पाण्यात बघतो, बायका आतल्या आत जळतात, कोणाला रग आहे, कोणाला बाईचा नाद, कोणाला देवाचा. आजकालच्या भाषेत डिसफंक्शनल फॅमिली. आपल्याकडे याला जुना सुटसुटीत शब्द आहे, भावकी. म्हणजे शब्दाचा अर्थ नुसता भाऊबंद, पण "त्यांच्यात भावकी आहे" म्हटलं की कोणाला फोड करून सांगावं लागत नाही.

या पुस्तकावर दोन प्रकारच्या तक्रारी मी ऐकत आल्येय. एक, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांची. काय ती माणसं, एक आदर्श नाही, असलं वाचून पुढच्या पिढीने काय घ्यायचं, घरातली घाण चव्हाट्यावर कशाला. यावर मला फार बोलायचं नाही. घरातली घाण घरातच ठेवा असं जो म्हणतो त्याच्या घरात ती कोण उपसतं ते एकदा बघावं. पेंडसे कोणाला धुऊन पुसून समोर आणत नाहीत, शेवटी रडून गळ्यात पडायला लावत नाहीत, ही तर पुस्तकाची खरी कमाई आहे. आपल्याकडच्या घरगुती गोष्टींमध्ये शेवटच्या दहा पानांत सगळ्यांना शहाणपण येतं. इथे तसं काही देणं नाही लेखकाला.

दुसरी तक्रार जास्त वजनाची. की हे खोतांचं कौतुक आहे. खोत म्हणजे काय हे ज्यांच्या आजोबांनी पाहिलंय त्यांना हे वाचताना टोचतं आणि त्यात मी पण आहे. आम्ही कुळवाडी, म्हणजे खोताची जमीन कसणारे. माझे आजोबा खोताच्या खळ्यावर भाताचा मक्ता, म्हणजे खोताचा वाटा, घालायला जायचे, पिकलं तर अर्धं, आणि नाही पिकलं तरी काहीतरी. आजी सांगायची की खोताच्या अंगणात छत्री मिटून जायचं, पाऊस असला तरी. एवढी एकच गोष्ट तिने परत परत सांगितली, बाकी मारहाण वगैरे काही नाही, छत्री. मग मी चौदा-पंधराशे पानं खोताच्या वाड्यातल्या लोकांच्या दुःखात रडायचं म्हणजे जरा अवघडच आहे ना. कुळं येतात पुस्तकात, नाही असं नाही, पण मला ती कायम पायरीखालीच उभी दिसतात, आणि कॅमेरा ओटीवर.

पण माझी मुख्य तक्रार ही पण नाही. कोणी ओटीवरनं लिहील, कोणी पायरीवरनं, ज्याला जे दिसलं ते त्याने लिहावं, कुळाची कादंबरी कुळाच्या पोरांनी लिहायची आहे आणि ती आम्ही चौदाशे पानी लिहिली नाही हा पेंडशांचा दोष कसा. माझी तक्रार आहे ती 'रक्त' या गोष्टीबद्दल. पुस्तक वाचून मिटलं की डोक्यात जे उरतं ते असं, की खोतांच्या रक्तातच काहीतरी आहे. विक्षिप्तपणा, रग, वासना, बापाकडनं पोराकडे उतरलेलं. आणि वाचणारा खूष होतो कारण त्याला त्याच्या घरातलं असंच वाटत असतं. "आमचे आजोबा पण तसलेच हो, एकदा नाही म्हणजे नाही." हे सांगताना आवाजात काय अभिमान असतो बघा! भावाशी तीस वर्षं बोलला नाही याला आपण करारीपणा म्हणतो. बायकोला माहेरी पाठवलं नाही, याला शिस्त. मला वाटतं तुंबाडच्या खोतांनी कोकणातल्या वाचकाला स्वतःच्या घरच्या माजोर्डेपणाला एक भारदस्त नाव दिलं. लेखकाला हे अभिप्रेत होतं की नाही हा भाग सोडा.

आता आमच्या घराचं सांगते म्हणजे माझा मुद्दा कळेल. आमच्यात खोताचं रक्त नाही, याबद्दल दुमत नसावं. आजोबा कूळ होते, कूळ कायदा १९४८ चा, खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने, अंमल १५ मे १९५० पासून, आणि मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. त्याआधी १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करायचं बिल मुंबईच्या असेंब्लीत मांडलं होतं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातनं हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत गेले होते, बिल पास झालं नाही तो भाग वेगळा. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर सहा वर्षं शेती न करता संप चालवला, १९३३ ते १९३९. हे सगळं होऊन मग कुठे आमच्या आजोबांच्या हातात कागद आला. कूळ कायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरली, हप्ते भरले, ३२ म चा, म्हणजे जमीन विकत घेतल्याचा, दाखला मिळाला. तो दाखला अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्याच्या मागे. आजोबांनी तो वाचला नाही कधी, वाचता येत नव्हतं, पण दिवाळीला त्याला हळदकुंकू लावायचे.

आणि मग काय झालं? आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर मोठ्या काकांचं नाव लागलं आणि नावापुढे तीन अक्षरं, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीच्या भावांची नावं, आत्यांची नावं सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात किंवा कुठेच नाही. तीन अक्षरं आहेत पण तिथनंच आमचं घर मोडायला लागलं. मोठे काका आधी गरीब माणूस होते हो, खरंच, सगळे सांगतात. मॅनेजर झाल्यावर कोणी आंब्याची कलमं कुठे लावायची, कोणी मांगर (शेतावरची खोपी) कुठे बांधायचा, कोणी विहिरीवर पंप बसवायचा हे त्यांना विचारून व्हायला लागलं. आज आमच्या विहिरीला दोन पंप आहेत, दोन मीटर, एकाच पाण्यात दोन फूटव्हॉल्व्ह शेजारी शेजारी बुडालेले. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं तेव्हा मोठे काका पहाटे पाचला पंप लावतात कारण सहाला धाकटे लावतात. म्हणून धाकटे साडेचारला लावतात. म्हणून... पुढे सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात मी गेले तर रात्री तीनला मोटर चालू होती. माजघराच्या मधोमध चिऱ्याची भिंत आल्येय, तिच्या या बाजूला देव्हारा आणि त्या बाजूला न्हाणीघर, त्यामुळे एका घराला आंघोळीला मागून जावं लागायचं आणि दुसऱ्याला आरतीला.

आता सांगा, हे कुठलं रक्त? आमच्या पणजोबांपर्यंत कोणाच्या नावावर हाताएवढी जमीन नव्हती आणि तेव्हा भाऊ एका पंगतीत जेवत होते. आजी सांगायची. उपाशी जेवत होते पण एका पंगतीत.

गंमत पुढे आहे. खोतीचं थोडं वाचायला घेतलं तेव्हा कळलं की रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे बहुतेक गावं खोती होती, तिथे एका गावाची खोती बऱ्याचदा एकाची नसायचीच. हिस्सेदार असायचे, भाऊ, चुलत भाऊ, त्यांची पोरं. आणि आळीपाळीने कारभार. १८८० च्या खोती कायद्यात त्या कारभार बघणाऱ्याला शब्दच आहे, मॅनेजिंग खोत. वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. मॅनेजिंग खोत आणि एकत्र कुटुंब मॅनेजर! म्हणजे विचार करा, वसुलीची पाळी माझी असेल तर मी कुळाकडनं जेवढं ओढता येईल तेवढं ओढणार कारण पुढची पाळी चुलतभावाची, आणि चुलतभाऊ माझ्याकडे कुठल्या नजरेने बघत बसणार. अशा व्यवस्थेत दोन सज्जन भाऊ बसवले तरी दहा वर्षांत त्यांची तोंडं फिरतील. वाड्यात भूत असायची गरज नाही, हिस्सा अविभक्त असला की पुरतं.

म्हणून मला राग येतो. एवढा मोठा लेखक, या मातीतला, ज्याला या घरांचा वास माहिती आहे, तो हे यंत्र बघतो पण माझ्या मते त्याला ते नशीब दिसतं, स्वभाव दिसतो. आणि मग आम्ही पण आमच्या काकाला स्वभाव म्हणून सोडून देतो.

यावर माझा भाऊ म्हणाला की तुझं सगळं कायद्यात बसवायचं चाललंय, मग ज्यांचा सातबारा सामाईक आहे ती सगळी घरं मोडायला हवीत, आमच्याच वाडीत खालच्या घरातले चार भाऊ बघ, अजून एकत्र गणपती. बरोबर आहे. पण त्या घरात काय झालं ते पण बघावं ना, त्यांच्या बापाने जिवंत असताना मोजणी आणली, पोटहिस्से पाडले, पोरींना पण दिलं, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदी, करून घेतले, तेव्हा गावाने नावं ठेवली की म्हातारा जिवंतपणी घर मोडतोय. ते घर टिकलं. आमच्या आजोबांनी "मी आहे तोवर वाटणी नाही" म्हटलं, त्यांना गाव चांगलं म्हणालं.

स्वभाव नसतोच असं मी म्हणत नाही. धाकटे काका तापटच आहेत. पण ते कधीपासून तापट? मी लहान असताना ते मुंबईला गिरणीत होते, शिमग्याला यायचे तेव्हा खिशात गोळ्या, सगळ्यांना लुगडी-कपडे, सगळ्यात लाडका काका. १९८२ चा संप झाला, गिरणी काही परत धड चालली नाही, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे करून ते बिऱ्हाड घेऊन गावाला आले आणि म्हणाले माझा हिस्सा कुठला ते दाखवा. तिथपासून घरात त्यांच्याबद्दल एकच वाक्य, मुंबैवरनं आला तो बिघडूनच आला. गिरणी बंद पडली असं कोणी म्हणत नाही. माझी आजी सुद्धा म्हणायची नाही. कादंबरीत असते तर काका झकास पात्र झाले असते, धुमसणारे, रात्री अपरात्री खळ्यावर एकटे बसणारे, आणि कोणीतरी लिहिलं असतं की त्यांच्या डोळ्यात घराण्याची आग होती.

मग हायवेचं चौपदरीकरण आलं, दलाल आले, ज्या कातळावर बकरं पण थांबायचं नाही त्याची गुंठ्यावर किंमत बोलायला लागले, आणि सामाईक सातबाऱ्यावर सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणून ज्या बहिणीला वीस वर्षं भाऊबीजेला बोलावलं नव्हतं तिच्या घरी पेढे घेऊन गेले लोक. हे मी एका घराचं सांगत नाहीये, या पट्ट्यात कुठल्याही वाडीत विचारा.

आणि इथे बायकांचा विषय येतो, जो खोतांच्या वाड्यात पण आहे आणि आमच्या माजघरात पण. पेंडशांच्या बाया जबरदस्त असतात यात वाद नाही. तुंबाडमधली जुलाली एकदा वाचली की विसरता येत नाही. पण मला जास्त भिडली ती त्यांचीच २५ वर्षं आधीची 'रथचक्र', १९६२ ची, साहित्य अकादमी मिळालेली. तिच्यातल्या बाईला नावच नाही. ती, एवढंच. एकत्र कुटुंबात राबणारी आणि पोरांनी शिकावं म्हणून सगळ्या घराशी भांडणारी. तिथे लेखक चुलीपाशी बसून घर बघतो आणि म्हणून, मला वाटतं, तिथे त्याला घर हे यंत्र म्हणून दिसतं, कोण दळतं, कोणाच्या ताटात आधी पडतं, कोणाच्या पोराची फी आधी. तुंबाडला पोचेपर्यंत लेखक ओटीवर आला. पसारा मोठा झाला, नदी आली, चार पिढ्या आल्या, आणि चूल लांब गेली. हे माझं मत, कोणाला पटेल न पटेल.

आमची आत्या तर 'इतर हक्क' मधली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मापासून हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की २००५ मध्ये बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. आमच्या घरात ही बातमी व्हॉट्सॅपवर आली आणि लगेच दुसऱ्या महिन्यात हक्कसोड पत्राचा विषय निघाला. या गणपतीत मोठ्या काकांनी मसुदाच टाईप करून आणला होता, पारदर्शक फोल्डरमध्ये. आत्या सत्तरीला आल्येय, चौथी शिकलेली. सगळ्यांना वाटलं बसून विचारेल सही कुठे करू. तिने चष्मा मागितला. माझ्या पोरीने आणून दिला. मग ती वाचत बसली, बोट ठेवून, एकेक ओळ, ओठ हलतायत, आणि आम्ही सगळे गप्प, मोदकांचा वास येतोय आतून. दुसऱ्या पानावर थांबली. म्हणाली, "हे 'स्वखुशीने' कोणी लिहिलंन?"

काका म्हणाले तसं लिहितात गो, वकिलाची भाषा असते ती.

"मी सांगितलं होतं का वकिलाला?"

तिथनं जे सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. त्यात काका म्हणाले माहेर तुटेल तुझं, आणि आत्या म्हणाली की कुठलं माहेर, भिंतीच्या अलीकडचं की पलीकडचं. मी पडवीतनं ऐकत होते आणि मांडीवर खंड पहिला उघडा होता आणि खरं सांगू, पुस्तक फिकं वाटलं मला त्या रात्री.

पण मग मला हे पण कबूल करायला हवं की आत्याचं ते वाक्य मी ऐकलं कसं. म्हणजे, घरातल्या भांडणाकडे कान देऊन ऐकायचं असतं, त्यात नुसता कलकल नसून काहीतरी चाललेलं असतं, हे मला शिकवलं कोणी? याच कादंबरीने, कॉलेजात. त्याआधी घरात आवाज चढला की मी कानात बोटं घालून परसात जायचे. पेंडशांनी पहिल्यांदा दाखवलं की आपल्यासारख्या गावातल्या, आपल्यासारखं बोलणाऱ्या माणसांचं भांडण दोन खंड लिहिण्याइतकं मोठं असतं. म्हणजे ज्या पुस्तकावर मी रागावत्येय त्यानेच मला रागवायला लागणारा कान दिला. तेव्हा हे पुस्तक वाचू नका असं मी कोणाला सांगणार नाही, उलट कोकणातल्या प्रत्येक घरात वाचावं, फक्त शेजारी स्वतःचा सातबारा उघडून ठेवावा आणि आठवतील तेवढे फेरफार. कादंबरीतला नाना खोत असा का वागला हे कळायला जेवढी पानं घालवतो त्यातली दोन आपल्या काकासाठी घालवावीत, आणि स्वतःसाठी पण.

स्वतःसाठी म्हणजे काय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या हिश्श्याचा विषय निघाला तेव्हा मी भावाला फोनवर म्हटलं, मला काही नको रे, तुझंच सगळं. फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं होतं, मोठ्या मनाची वगैरे. भावाने हो म्हटलं, आढेवेढे न घेता, आणि तेव्हापासून मी त्याच्याशी जरा कमी बोलते. का ते त्याला माहीत नाही. विचारलं असतं तर मी पण स्वभाव म्हणाले असते.

आत्याने सही केली नाही. उलट वारस नोंदीचा अर्ज दिलाय आणि त्यावर दोन्ही काकांनी हरकत घेतली, दोघांनी एकत्र, कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकाच रिक्षाने तालुक्याला गेले म्हणे. मंडळ अधिकाऱ्यापुढे तारीख दिवाळीनंतरची आहे, आत्याबरोबर मी जाणार आहे. दुसऱ्या खंडाची शेवटची दीडशे पानं मुद्दाम शिल्लक ठेवल्येत, त्या बाकड्यावर बसून अर्धा दिवस तरी जातो.